रोगमुक्तांची सोबत

संपादक महाशय यांस,


कर्करोगातून बरे झालेल्यांनी रोग विसरावा, त्यांची मंडळे कशाला हवीत, हे गतांकातील पत्रलेखकांचे मत सद्भावनेचे असले तरी मला सर्वथा अमान्य आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर आखडलेला हात, भिंतीवर बोटे तसूतसूने वर सरकवीत कसा उचलावा, हे डॉक्टरांनी मला सांगितले होतेच. परंतु पदर सावरून, स्वतःचा हात पार डोक्यावर नेऊन धीर दिला तो त्याच दिव्यातून गेलेल्या एका बाईंनी. १९४१ मध्ये सुरू झालेल्या परळच्या टाटा रुग्णालयात दूरदूरच्या मुलखांतून येणाऱ्या रुग्णांपैकी कित्येकांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते, आणि तेथे समदुःखी भेटतात. गावी परतल्यावर मात्र, फेरतपासणीची तारीख जवळ आली की उठणारे काहूर घरच्यांपाशीही बोलवत नाही. अशा रोगमुक्तांना एकत्र भेटता यावे म्हणून जिल्हा रुग्णालयांनी दरमहा एक दुपार एक खोली मोकळी ठेवावी, अशी सरकारदरबारी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक