लोकसाहित्याचा पेपर आणि गिटारवाला विद्यार्थी

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मराठी एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने गिटारवर एक इंग्रजी गाणे म्हटले. तीन-चार मिनिटांचे गाणे, तेही जवळजवळ एकाच स्वरमेळावर रेंगाळणारे. टाळ्या बेताच्याच पडल्या. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत मात्र त्यावर तासभर चर्चा झाली. वैनगंगेच्या काठच्या गावातला, धानाच्या बांधीत वाढलेला मुलगा दंडार सोडून अमेरिकेतले गाणे म्हणतो, हे लोकसंस्कृतीच्या ऱ्हासाचे लक्षण होय, असा एकूण निष्कर्ष निघाला. लोकसाहित्याचा पेपर शिकवणारे आम्ही तिघेही त्या वेळी माना डोलावत होतो. त्या माना डोलावल्याची आम्हांला आज लाज वाटते, आणि तिचे कारण मांडण्यासाठीच हे लिहीत आहोत.

ते गाणे म्हणजे ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’. मिसिसिपी जॉन हर्ट या काळ्या शेतमजुराने ते १९२८ मध्ये ओके या कंपनीसाठी गायले. रेल्वेच्या कामावर हातोडा चालवणारा मजूर आपला हातोडा मुकादमाकडे धाडून निघून जातो, एवढीच त्याची गोष्ट. याच हातोड्याने जॉन हेन्रीचा जीव घेतला, ही आठवण त्या जाण्यामागे आहे. रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत, पुढे मंदी आली, आणि हर्ट अ‍ॅव्हलॉन या आपल्या गावी शेतीकामाला लागला. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने संपादित केलेल्या अमेरिकी लोकसंगीताच्या संग्रहात त्याची दोन गाणी पुन्हा निघाली. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाचा एक तरुण हर्टच्याच जुन्या गाण्यात आलेल्या गावाच्या नावाचा माग काढत त्याच्या दारात जाऊन पोहोचला. म्हातारा हयात होता, गात होता. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला आणि १९६६ मध्ये वारला.

ही सगळी माहिती आम्हांला आमच्या विद्यार्थ्याने तोंडी सांगितली. आम्ही त्याला विचारले ते जरा आडूनच: हे तू शिकलास कुठे? तो म्हणाला, ऐकून. मग त्याने जे सांगितले ते आमच्या कोणत्याही संशोधनपद्धतीच्या तासापेक्षा अधिक काटेकोर होते. या गाण्यात डाव्या हाताला फारसे काम नाही, सगळी गोम उजव्या अंगठ्यात आहे. अंगठा जाड तारांवर आळीपाळीने, चालत्या माणसाच्या पावलांसारखा, एकसारखा पडत राहतो. बाकीची बोटे बारीक तारांवर चाल काढतात, पण ती अंगठ्याच्या ठोक्यावर न पडता किंचित आधी किंवा नंतर. अंगठा आणि बोटे एकमेकांपासून सुटी व्हायला त्याला दोन महिने लागले. ती सुटी झाली तेव्हा गाता येईना. तोंड उघडले की अंगठा थांबे. गिटारवाल्यांची आकड्यांची एक लिपी असते, टॅब म्हणतात तिला. तिच्यातून कोणत्या तारेवर कोणत्या पडद्याशी बोट दाबायचे ते कळते. ठोका केवढा उशिरा पडायचा ते कळत नाही. म्हणून तो तक्ता बाजूला ठेवून पुन्हा १९२८ च्या खरखरत्या ध्वनिमुद्रणाकडे गेला. मोबाइलवर त्याची गती निम्मी करून एकेक ओळ शंभरदा ऐकली. ब्लूजमधला गंधार तर पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या अधेमधे राहतो; तो कोणत्याच पडद्यावर नसतो, तार ओढून मिळवावा लागतो. एका गाण्यासाठी सहा महिने.

आता आमच्याकडे पाहू. लोकसाहित्याच्या पेपरात ‘श्रमगीतांचे स्वरूप विशद करा’ हा प्रश्न आम्ही किती वर्षे काढत आलो आहोत, याची मोजदाद न केलेली बरी. विद्यार्थी रोवण्याच्या गाण्यांवर चार पाने लिहितात. सामूहिकता, उत्स्फूर्तता, मौखिकता, अनामिकता ही चार वैशिष्ट्ये येतात, उदाहरणादाखल दोन ओळी येतात, आणि आम्ही दहापैकी सात गुण देतो. त्या दोन ओळी कोणी म्हटल्या, कोणत्या गावात, कोणत्या चालीवर, पहिली बाई कुठे थांबते आणि मागच्या कुठून उचलतात, हे आम्ही कधी विचारलेले नाही. आम्हांलाच ठाऊक नव्हते. ज्यांच्या आया-आज्या आषाढात चिखलात वाकून ही गाणी म्हणत आल्या, ती मुले आमच्यासमोर बसून त्याच गाण्यांची वैशिष्ट्ये पुस्तकातून पाठ करत होती आणि आम्ही ती तपासत होतो. ऱ्हास म्हणायचा तर तो इथे आहे. गिटारवाल्या पोराने आपल्याला न कळणाऱ्या भाषेतल्या, समुद्रापलीकडच्या मजुराचा अंगठा ओळखला. आम्ही मात्र शेजारच्या बांधीतल्या बाईचे नावदेखील विचारले नाही आणि त्या न विचारण्याला ‘अनामिकता’ अशी पारिभाषिक संज्ञा बहाल केली.

अनामिकता हा लोकगीताचा गुण नव्हे; पुष्कळदा तो संग्राहकाचा आळस असतो. हे कठोर वाटेल, पण मराठीतच त्याचा पुरावा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव त्या कामात नोंदवले गेले. बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांतल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. म्हणजे ओवी परंपरेची असली तरी ती आज कोणाच्या गळ्यात आहे हे सांगता येते. पुणे जिल्ह्याच्या डोंगरात जे झाले ते चंद्रपूर-गडचिरोलीत आम्हां मराठीच्या विभागांना का जमू नये? साधनांची वाण हे कारण आता पुरत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रण-यंत्र आहे.

याच मुलुखातले दुसरे उदाहरण घ्या. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या पट्ट्यातले परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. किकरी हे तीन तारांचे, गजाने वाजवायचे वाद्य घेऊन ते गोंडांच्या देवकुळांच्या कथा गातात. क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की या परधानांची घरची भाषा मराठी आहे. घरी मराठी बोलणारा माणूस गोंडीतले दीर्घ कथागीत किकरीवर गातो: द्वैभाषिक वाङ्मयव्यवहाराचे याहून सुंदर उदाहरण मराठीच्या अभ्यासकाला कुठे मिळणार? तरीही हे परधान आमच्या वर्गात आले, तर ‘आदिवासी लोककथा’ या मथळ्याखाली कथासाराच्या रूपाने येतात. किकरी गळून पडते, गाणारा गळून पडतो, उरते ती गोष्ट. गिटारवाल्यांची टॅब निदान कोणत्या तारेवर बोट ठेवायचे ते तरी सांगते.

मान डोलावल्याचे प्रायश्चित्त म्हणून आम्ही त्या विद्यार्थ्याला त्याच्या आजीचे एक रोवण्याचे गाणे शिकून दाखवायला सांगितले आणि पुढच्या रविवारी स्वतःही त्याच्या गावी गेलो. आजीने चहा दिला, गाणे दिले नाही. “बसून नाही येत जी ते,” ती म्हणाली. “वाकल्याबिगर कसं येईल?” आम्ही ते लाजणे समजलो. तासाभराने ती उठली, अंगणात वाकली, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी आहे असे समजून उजव्या हाताने रोप खोचत मागे सरकू लागली, आणि गाणे आले. लाजण्याचा प्रश्नच नव्हता. ती आम्हांला गाण्याचे व्याकरण सांगत होती.

नातवाने ते गिटारवर घ्यायचा प्रयत्न केला आणि त्याचा तयार अंगठा तिथे साफ हरला. जॉन हर्टचा अंगठा थांबत नाही; आजीचे गाणे थांबते. जुडीतून रोपे वेगळी करताना आणि चिखलातून पाय उपसून मागे टाकताना ओळ लांबते. किती लांबायची ते चिखल ठरवतो. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी जे अर्थहीन पालुपद येते, ज्याला आम्ही वर्गात ‘नादपूरक अक्षरे’ म्हणून दोन वाक्यांत निकालात काढतो, ते मागच्या बायांसाठी होते. गाणे उचलणारीला तेवढ्यात दम घेता येतो आणि रांगेत मागे पडलेली बाई बरोबरीला येते. म्हणून त्याची आवर्तने कधी दोन, कधी पाच. आम्ही छापील पाठात ते पालुपद एकदाच देतो आणि पुढे टिंबे घालतो. त्या टिंबांत रांगेतली सगळ्यांत थकलेली बाई होती. हे आम्हांला इतक्या वर्षांच्या अध्यापनात कळले नव्हते. गिटारवर ते गाणे बसेना म्हणून कळले.

यावर येणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला, गिटार परकी. ठीक. हार्मोनियमही परकीच होती. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती उठायला, तीही अंशतः, १९७१ उजाडले. आज त्याच पेटीवाचून भजन होत नाही. ब्लूज गाणाऱ्यांनाही गिटार वारशाने मिळालेली नव्हती. टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या सूचीतून स्वस्तात मिळणारे ते वाद्य त्यांनी आपलेसे केले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अमेरिकेतला काळा मजूर आणि गडचिरोलीतली रोवणारी बाई यांची सांगड घालणे उथळ नाही का? दोघांचा इतिहास एक नाही, हे मान्यच. पण १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा तिने नाव कोठून घेतले, हे आम्ही दलित साहित्याच्या पेपरात अभिमानाने शिकवतो. तिथे जी दृष्टी क्रांतिकारक, ती स्नेहसंमेलनात अनुकरण कशी होते?

तिसरा आक्षेप आमच्या एका स्नेह्यांचा: साहित्याच्या विद्यार्थ्याने गवई व्हावे काय? नको. छंदःशास्त्र शिकणारा कवी होत नाही, पण त्याला मात्रा मोजता आल्या पाहिजेत असा आग्रह आपण धरतोच. जे वाङ्मय गाऊनच अस्तित्वात येते, त्याची एक रचना तरी विद्यार्थ्याच्या अंगातून गेली पाहिजे. बेसूर गेली तरी चालेल. कुठे अडते ते कळण्यापुरती जावी.

एक धोका मात्र खरा आहे आणि तोही ब्लूजच्याच इतिहासात दिसतो. कंपन्यांनी अनेक काळ्या गायकांना एकरकमी थोडे पैसे देऊन गाणी घेतली आणि हक्क स्वतःकडे ठेवले. गाणे जगभर गेले, गाणारा शेतातच राहिला. आमच्या हातून याहून वाईट घडू शकते, कारण आम्ही तेवढेही पैसे देत नाही. २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सर्वांना आनंद झाला. सन्मान दिल्लीहून यायचा आणि मानधनाचा प्रश्न कोणीच काढायचा नाही, ही वाटणी मात्र सोयीची आहे.

म्हणून आमची मागणी तीन कलमांची. लोकसाहित्याच्या पेपरातले अंतर्गत गुण निबंधिकेऐवजी एका गाण्यासाठी ठेवावेत: विद्यार्थ्याने ते गाणाऱ्या व्यक्तीकडून शिकावे आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण तिनेच ठरवावे. त्या व्यक्तीचे नाव आणि गाव, तिची संमती असेल तर, प्रत्येक प्रतीवर यावे. आणि चर्चासत्राला येणाऱ्या पाहुण्या वक्त्याला आपण जे मानधन देतो, तेच तिला द्यावे. एक पैसाही कमी नाही. यातले कोणतेही कलम अशक्य आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कारणे लेखी द्यावीत. आम्ही ती वर्गात वाचून दाखवू.

आमच्या विद्यार्थ्याचे गाणे अजून पुरे झालेले नाही. त्याने गिटार तूर्त खुंटीला टांगली आहे आणि पुढच्या रोवण्याला तो आजीच्या रांगेत उभा राहणार आहे. मध्यंतरी त्याने तिला ते म्हणून दाखवले. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “गळा बरा हाय बापू. अजून पाय नाही पडत तुजा.” आमच्या दहापैकी सात गुणांपेक्षा हा शेरा अधिक अचूक आहे. तूर्त आम्ही तो आमच्या स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर लिहून घेतला आहे.