पणजोबांचा दाखला

जून उजाडला की शहाद्यात झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी होते. त्यात सातपुड्यातून उतरलेली भिल्ल-पावरा मुलं असतातच. बारावी झालेली, इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकलला जायचं मनात, आणि घोडं अडतं कुठे? जात वैधता प्रमाणपत्रावर!

पहिलीत हा अडसर नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पुढे मात्र घराण्याचा इतिहास लागतो, आणि तो ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा असला तर उत्तम. आता सांगा, ज्याचे आजोबा-पणजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्याने त्यांचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? गाव वर्षानुवर्षं वनगाव, त्यामुळे सातबाराही नाही. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत. तिथे पडावावर जन्मलेल्या लेकराची नोंद कोण करणार?

पडताळणी नकोच, असं मी म्हणत नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटणारे आहेत. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली ती त्याचसाठी. पण राज्याच्या २००० च्या कायद्याने पुराव्याचं ओझं अर्जदाराच्याच डोक्यावर ठेवलं. गंमत बघा, लबाडाला कागद जमवता येतो, खऱ्याकडे तो नसतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळालेली असली की काम सोपं होतं. म्हणजे खरी फरफट घरातून पहिल्यांदा कॉलेजला निघालेल्याचीच!

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. तिथे १९८२ च्या निकालाने कागदपत्रं नसलेल्या परदेशी मुलांना शाळा मिळाली, कॉलेजबद्दल मात्र त्यात काही नाही. आपली ही मुलं तर परदेशी नाहीत. ती आपल्याही आधीपासून इथली आहेत.

मला वाटतं, बारावीपर्यंत थांबायचंच कशाला? आठवीतच आश्रमशाळेत अर्ज भरून घ्यावेत. दक्षता पथकाने गावात जाऊन चार म्हाताऱ्यांना विचारावं. कोतवाल बुकं, जुनी दप्तरं सरकारच्याच कपाटात आहेत, ती सरकारनेच शोधावीत. हाताशी चार वर्षं असतात. प्रवेशाच्या मुदतीत ते जमत नाही, आणि मुदत एकदा टळली की गेलेली जागा परत मिळत नाही. वर्षभर थांबायची ऐपत किती घरांत असते? अशा घरातल्या पोराच्या हातात मग पुस्तकाऐवजी बापाचा कोयता येतो.