कंपनी आणि पाव

'कंपनी' हा शब्द आता इतका आमचा झाला आहे की, त्याचे कुळ कोणते हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु ते कुळ जाणण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते.

लॅटिन भाषेत 'कॉम्' म्हणजे सह आणि 'पानिस्' म्हणजे भाकरी. एका भाकरीचे जे वाटेकरी, ते 'कॉम्पानिओ'. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. प्रथम त्याचा अर्थ नुसती सोबत असा होता. भांडवल एकत्र करून व्यापार करणारी मंडळी हा अर्थ मागाहूनचा. तोच 'पानिस्' पोर्तुगीजांच्या तोंडी बदलला, त्यांच्या गलबतांतून आमच्या किनाऱ्यास उतरला आणि आमचा 'पाव' झाला. म्हणजे कंपनी आणि पाव ही एकाच घराण्यातली भावंडे होत! एकाच्या नावात सहभोजन, आणि दुसऱ्याचा तुकडा खाल्ला की माणूस बाटला, अशी आमच्याकडे एके काळी समजूत.

शब्द आपले मूळ विसरतात, त्यात नवल नाही. पण किती विसरावे? ईस्ट इंडिया कंपनीस १६०० साली सनद मिळाली. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापार बंद झाला. तरी तिच्या भागीदारांस दरसाल साडेदहा टक्के नफा, आणि तोही हिंदुस्थानच्या महसुलातून, द्यावा असे ठरले. १८५८ साली राज्यकारभार तिच्या हातून गेला, तरी हा वाटा १८७४ पर्यंत पोचतच होता. भाकरी रयतेची, पंक्तीत पाट मात्र रयतेस नाही.

कंपनी म्हणजे कायद्याने निर्माण केलेली कृत्रिम व्यक्ती, अशी व्याख्या वाणिज्याचे विद्यार्थी पाठ करतात. व्याख्या चुकीची नाही. तथापि कृत्रिम व्यक्तीस भूक लागत नाही, आणि तिच्या गिरणीत राबणाऱ्यास लागते, एवढे त्या व्याख्येत येत नाही. म्हणून व्याख्येच्या आधी व्युत्पत्ती शिकवावी, असे आमचे मत आहे.

आमच्या विद्यार्थ्यांचे कित्येक पालक निरनिराळ्या कंपन्यांत नोकरीस आहेत. तेथे साहेब आणि शिपाई एका बाकावर बसून डबा उघडतात काय, हे मुलांनी आज रात्री जेवताना त्यांस विचारून पाहावे.