आधी सातबारा, मग निवारा?

भूकंप जात पाहून येत नाही, हे वाक्य प्रत्येक आपत्तीनंतर आपल्याला ऐकवले जाते. ते खरेही आहे. पण भूकंपानंतर निघणारा पुनर्बांधणीचा सरकारी आदेश काय काय पाहून काढलेला असतो, हे तपासण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. कोणती इमारत आधी उभारायची, ती विटा-लाकडाची की सिमेंटची, निविदा कोणाला द्यायची, घर कोणाला द्यायचे आणि किती फुटांचे द्यायचे, हे निर्णय निसर्ग घेत नाही. ते सरकारी कचेरीत घेतले जातात. म्हणूनच त्यांचा जाब विचारता येतो आणि तो विचारला गेला पाहिजे.

या प्रश्नाच्या सर्व बाजू एकत्र पाहायच्या तर शेजारच्या नेपाळकडे पाहावे लागेल. नेपाळ आम्हाला परका नाही. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी त्याच भूमीत आहे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, प्रकृती ढासळलेली असतानाही बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि तेथे बुद्ध व कार्ल मार्क्स या विषयावर बोलले.

त्या नेपाळात २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जवळपास पाच लाख घरे जमीनदोस्त झाली. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या काठमांडू खोऱ्यातील दरबार चौक, मंदिरे आणि स्तूप यांची मोठी हानी झाली. मग वाद पेटला. एक बाजू म्हणाली, माणसे पत्र्याखाली झोपत असताना पडक्या वास्तूंवर पैसा कशाला? दुसरी बाजू म्हणाली, वारसा गेला तर देशाची ओळखच गेली. आम्हाला हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा केलेला वाटतो. वारसा की घर, हा खरा प्रश्नच नव्हे. वारसा कोणता आणि घराला पात्र माणूस कोण, हे कोणी ठरवले, हा खरा प्रश्न आहे.

आधी वारसा पाहू. काठमांडूचा धरहरा हा एकोणिसाव्या शतकातला मनोरा. भीमसेन थापा या सत्ताधीशाने तो बांधला. १९३४ च्या भूकंपात तो पडला, पुन्हा बांधला गेला आणि २०१५ मध्ये पुन्हा पडला, तोही आत माणसे असताना. सरकारने त्याच्या शेजारी काँक्रीटचा नवा, अधिक उंच मनोरा उभारला. त्यात वाहनतळाची सोय केली आणि २४ एप्रिल २०२१ रोजी, भूकंपाच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते थाटात उद्घाटन केले. याला वारशाचे जतन म्हणायचे की राज्यकर्त्यांच्या कर्तबगारीचे स्मारक?

सतराव्या शतकातल्या राणीपोखरी तलावाचेही तेच होणार होते. महानगरपालिकेने तेथे काँक्रीट ओतायला घेतले. पण स्थानिक नागरिक रस्त्यावर उतरले, काम थांबवावे लागले आणि पुढे पारंपरिक साहित्यानेच तलावाचा जीर्णोद्धार झाला. ज्याच्या नावावरून काठमांडू शहराचे नाव पडले असे मानतात, तो काष्ठमंडप म्हणजे वाटसरूंचा जुना लाकडी आसरा. त्याचे काम ठेकेदाराच्या हाती जाऊ नये म्हणून वस्तीतल्या लोकांनी लढा दिला आणि लोकसमितीच्या देखरेखीखाली तो पुन्हा उभा राहिला. पुरातत्त्वज्ञांनी पाया उकरून पाहिला तेव्हा तो सातव्या शतकापर्यंत मागे जातो आणि अजून भक्कम आहे, असे आढळले. घाईने काँक्रीट ओतले असते तर हे ज्ञानही त्याखाली गाडले गेले असते.

आणि बौद्धनाथ? भूकंपात तडा गेलेल्या या महास्तूपाचा वरचा भाग उतरवून नव्याने बांधावा लागला. हे काम प्रामुख्याने बौद्ध उपासक-उपासिकांच्या दानातून आणि श्रमदानातून झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे सुमारे एकोणीस महिन्यांत, स्तूप पुन्हा खुला झाला. ज्यांची ती वास्तू होती त्यांच्या हातात निर्णय होता, म्हणून हे घडले. आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात, वारसा म्हणजे राजेरजवाडे आणि देवळे, आपला त्याच्याशी संबंध काय? त्यांनी बौद्धनाथकडे पाहावे. नाहीतर आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या तेरकडे पाहावे, जेथे उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. वारसा कशाला म्हणायचे हे ठरवणाऱ्या समितीत आपण नसलो, तर आपला वारसा ढिगारा म्हणून उचलला जाईल.

आता घरांकडे वळू. वारशाच्या बाबतीत लोक रस्त्यावर उतरू शकले, कारण ते राजधानीत राहत होते, त्यांच्यामागे वस्ती होती, वृत्तपत्रे होती. डोंगरातल्या कामी, दमाई, सार्की या दलित जातींच्या मागे कोण होते? लोखंड घडवणारे, कपडे शिवणारे, चामड्याचे काम करणारे हे लोक. यातील असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नाहीतर सरकारी जमिनीवर झोपडी घालून राहत आलेली. पुनर्निर्माण प्राधिकरण उभे राहायलाच आठ महिने लागले. घरासाठी तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत ठरले, पण त्यासाठी जमिनीच्या मालकीचा कागद मागण्यात आला. त्याला तेथे लालपुर्जा म्हणतात. आपल्याकडचा सातबाराच म्हणा. ज्याचे घर पडले, त्याच्याकडे जमीन नव्हती. जमीन नव्हती म्हणून कागद नव्हता, आणि कागद नव्हता म्हणून सरकारच्या यादीत तो बेघर नव्हता! पुढे ओरड झाल्यावर भूमिहीनांना जमीन घेण्यासाठी साहाय्य देण्याची सोय झाली. पण तोवर इतरांची घरे छपरापर्यंत पोहोचली होती.

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी येथे थांबून विचार करावा. नेपाळची नवी राज्यघटना २० सप्टेंबर २०१५ रोजी, भूकंपानंतर पाच महिन्यांच्या आत, लागू झाली. तिच्या चाळिसाव्या कलमात भूमिहीन दलितांना एकदा जमीन देण्याची आणि बेघर दलितांच्या निवाऱ्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. म्हणजे ज्या वर्षी घटनेने भूमिहीन दलिताला जमिनीचे वचन दिले, त्याच भूकंपाच्या पुनर्वसनात प्रशासन त्याच्याकडे जमिनीचा कागद मागत बसले.

नेपाळला हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवा. गणपती विसर्जन करून निजलेली गावे दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला. बावन्न गावे नव्या जागी वसवायची ठरली. आणि घराचा आकार कशावर ठरला? जमिनीवर! भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरच्या वर जमीन असलेल्याला ७५० चौरस फूट. एकाच भूकंपात, एकाच गावात, एकाच रात्री घर गमावलेल्या माणसांमध्ये सरकारने एकास तीन असे प्रमाण ठरवून दिले. अनेक नव्या गावांत घरांच्या ओळीही या आकारांप्रमाणेच पडल्या. जुना गावकुसाबाहेरचा वाडा नकाशावरून पुसण्याची संधी इतिहासाने दिली होती. आपण तो वाडा सिमेंटमध्ये पक्का केला.

शेतकऱ्याला बैल, बी-बियाणे, धान्य ठेवायला जागा लागते, असा युक्तिवाद तेव्हा होत असे. मान्य. मग गोठा द्या, कोठार द्या. पण माणसाच्या झोपण्याची, मुलींच्या अभ्यासाची, म्हातारीच्या आजारपणाची जागा हेक्टरात कशी मोजता? आणि भूमिहीन हा भूमिहीन का आहे, हे ज्या राज्यात महार वतनाचा इतिहास घडला तेथे आम्ही वेगळे सांगायला हवे काय?

आज आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आहे. त्याच्या कलम ६१ प्रमाणे नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येत नाही. कलम चांगलेच आहे. पण नीट वाचा. त्यात जमिनीचा उल्लेख नाही. जात या शब्दाला दार बंद केले, पण मालकी हक्क या शब्दाला खिडकी उघडी राहिली. कोणताही अधिकारी आदेशात महार, मांग, पारधी असे लिहिणार नाही. तो फक्त सातबारा जोडा असे लिहील आणि काम भागेल. घटनेच्या कलम १४ मधील समानता आणि कलम २१ मधील सन्मानाने जगण्याचा हक्क या दोन्हींच्या कसोटीवर अशी अट टिकता कामा नये, असे आमचे ठाम मत आहे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १९६७ मध्ये कोयना हादरले. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या आदिवासी पट्ट्यात धक्क्यांची मालिका सुरू झाली. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागात जमीन हलली. पुढचा धक्का कोठे बसेल हे सांगता येत नाही. पुढचा आदेश कोणाला वगळील हे मात्र आजच सांगता येते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आपत्तीनंतरच्या घराचा हक्क मालकीवर नव्हे, वास्तव्यावर ठरावा. शिधापत्रिका, मतदार यादी आणि ग्रामसभेचा पंचनामा पुरेसा मानावा. किमान घराचा आकार सर्वांना सारखा असावा. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावी. नव्या गावाचा आराखडा ग्रामसभेत, दलित वस्तीच्या संमतीने मंजूर व्हावा. आणि वारसावास्तूंच्या समित्यांवर केवळ निवृत्त अधिकारी आणि ठेकेदारांचे स्नेही न बसवता त्या वास्तूशी नाते असलेल्या समाजाला जागा मिळावी.

सरकार हे आपणहून करणार नाही. कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार असावा लागतो. आपल्या जिल्ह्याच्या आराखड्याची प्रत माहिती अधिकारात मागा, वस्तीच्या विहारात बसून ती वाचा आणि भूमिहीनाचे घर त्यात कोठे आहे ते शोधा. सापडले नाही तर भूकंपाची वाट न पाहता जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर निवेदन ठेवा. जमीन हलल्यानंतर मागितलेल्या हक्काला दाखले विचारले जातात. तिने हलण्याआधीच तो कागदावर आणून घेणे हे चळवळीचे आजचे काम आहे.