हार्ड डिस्क नसलेले संगणक आणि दुसरे शील

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या आठवणी, गुरुजनांचे ऋण आणि बोईसर स्थानकापासूनची पायपीट यांविषयी लिहावे, असा संकेत आहे. संपादक मंडळाने मलाही तेच सुचवले होते. तथापि शाळेच्या संगणक कक्षाशी गेली काही वर्षे माझा जो संबंध आला, त्यातून एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे आणि तो मांडण्यास याहून योग्य जागा मला दिसत नाही. प्रश्न तसा रूक्ष आहे. संगणकासोबत आलेली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, त्या यंत्रातून काढून दुसऱ्या यंत्रात वापरावी की नाही? रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या शाळेत मात्र हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

काही वर्षांपूर्वी तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने शाळेला बारा जुने संगणक दान दिले. टेम्पोतून ते उतरवताना आम्हा सर्वांना जो आनंद झाला, तो मी विसरलेलो नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडून आलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी तोवर संगणकाच्या कळफलकाला बोटही लावलेले नव्हते. कॅबिनेट उघडल्यावर कळले की सर्व हार्ड डिस्क काढून घेतलेल्या आहेत. कारखान्याची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून असे करतात, त्यात गैर काही नाही. मी बोईसरला संगणक-दुरुस्तीचे काम करतो. साहजिकच पुढची जबाबदारी माझ्याकडे आली. वर्गणीतून बारा जुन्या डिस्क घेतल्या आणि माझ्याजवळच्या पेन ड्राइव्हमधील तयार विंडोज, तिचे कुलूप आधीच तोडलेली, अशी एकाच दिवसात बाराही यंत्रांत भरून टाकली. मुख्याध्यापकांनी पुष्प देऊन सत्कार केला, तो मी स्वीकारला. ती सेवा आहे असेच मला वाटत होते.

पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत धूळ झाडण्यासाठी यंत्रे बाहेर काढली, तेव्हा कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या मी प्रथमच नीट वाचल्या. सात यंत्रांवर विंडोज ७ प्रोफेशनलची पट्टी होती, पंचवीस अक्षरांच्या कळीसह. उरलेली पाच विंडोज १० घेऊनच कारखान्यातून निघालेली होती. त्यांची कळ पट्टीवर नसते, ती मदरबोर्डवरील चिपमध्येच कोरलेली असते. म्हणजे दानात आम्हाला केवळ लोखंडी डबे मिळाले नव्हते. त्या यंत्रांसोबत कार्यप्रणाली वापरण्याचा हक्कही मिळाला होता. डिस्क गेली होती, हक्क गेला नव्हता. आणि तो न ओळखता मी त्याच यंत्रांत चोरीची प्रत भरली होती. घरच्या कणगीत धान्य असताना शेजाऱ्याच्या शेतातून कणसे तोडून आणावीत, तसा तो प्रकार झाला.

येथे थोडे खोलात जाणे आवश्यक आहे, कारण आमच्या व्यवसायातही याविषयी मोठे अज्ञान आहे. दुकानातून स्वतंत्रपणे विकत घेतलेली विंडोज आणि संगणकात आधीच भरून आलेली विंडोज दिसायला एकच असतात, पण त्यांचे परवाने भिन्न असतात. पहिला परवाना मालकासोबत चालतो. जुन्या यंत्रातून ती काढून टाकली की नव्या यंत्रात भरता येते. दुसरा परवाना, ज्याला व्यवहारात ओईएम म्हणतात, यंत्राला बांधलेला असतो. यंत्र विकले, दान दिले, वारशाने गेले तर परवाना त्याच्यासोबत नव्या मालकाकडे जातो. परंतु यंत्र सोडून एकटा कोठेही जात नाही. तो स्वस्त पडतो, कारण संगणक बनवणाऱ्या कंपन्या तो लाखांनी घेतात आणि ही अट त्या किमतीतच धरलेली असते. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हेशनची पद्धत आणली, तेव्हापासून यंत्राचे अवयव ओळखून ही अट प्रत्यक्ष पाळून घेतली जाऊ लागली. म्हणूनच एका संगणकाची डिस्क दुसऱ्यात लावली तर तो पुष्कळदा सुरू होतो, कामही करतो, पण पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज ॲक्टिव्हेट करा अशी सूचना येऊन बसते. मोठ्या कारखान्यांत आणखी एक पदर असतो. तेथे यंत्रासोबतच्या परवान्यावर कंपनीच्या घाऊक करारातील वरच्या दर्जाची आवृत्ती चढवलेली असते. दान देताना ती आवृत्ती कंपनीकडेच राहते, मूळ परवाना मात्र यंत्रासोबत येतो.

आपला कायदाही याबाबत मोघम नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. कलम ६३ ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी अथवा धंद्यासाठी नसेल तर कारावास न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयास आहे. शाळा या सवलतीत बसेल, असे मला कोणी सांगितले, तेव्हा मला समाधान वाटले नाही. मुलांनी शाळेकडून शिकायचे ते सवलतीत बसणे नव्हे.

याच संदर्भात दुसऱ्या शीलाकडे येतो. अदिन्नादान म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. यावर ऐकू येणारा युक्तिवाद असा की प्रत काढल्याने कोणाचेच काही जात नाही. मूळ वस्तू तेथेच राहते, मग चोरी कसली? विनयपिटकात दुसऱ्या पाराजिकाचे विवेचन वाचले, तर जकात नाका चुकवून माल पलीकडे नेणे हाही चोरीचाच प्रकार मानलेला आढळतो. तेथेही कोणाच्या हातातील वस्तू हिसकावलेली नसते. जे देय होते ते दिले नाही, एवढेच झालेले असते. कुलूप तोडलेली विंडोज मला त्या नाक्यासारखीच वाटते.

परंतु त्याच विवेचनात एक प्रसंग आहे, आणि तो आपल्या विषयाला इतका लागू पडतो की वाचताना मी थबकलो. एका उपासकाने आपल्या विहारासाठी दिलेली शय्यासने भिक्षू दुसरीकडे नेऊन वापरू लागले. उपासकाने नाराजी व्यक्त केली. तथागतांनी नियम केला की एका ठिकाणच्या वापरासाठी दिलेले दुसऱ्या ठिकाणी वापरू नये. ओईएम परवान्याची अट याहून वेगळी नाही. पण विनयाची गोष्ट तेथे संपत नाही. नियम झाल्यावर भिक्षू इतके संकोचले की उपोसथागारातही आसने नेईनात, उघड्या जमिनीवर बसू लागले, अंगे आणि चीवरे धुळीने माखली. तेव्हा तात्पुरते नेण्यास अनुमती मिळाली. चूळवग्गात पुढे असे येते की संघाचा एक मोठा विहार मोडकळीस आला, तरी नियमाच्या भीतीने भिक्षू आतील शय्यासने बाहेर काढीनात. तेव्हा ती सांभाळण्यासाठी अन्यत्र नेण्याचीही अनुमती देण्यात आली.

माझा आक्षेप येथे आहे. कंपन्यांनी या कथेचा पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा घेतला नाही. मदरबोर्ड जळला की विहार कोसळला. किनाऱ्याची खारी, दमट हवा आणि विजेचा लपंडाव यांमुळे आमच्याकडे तो वारंवार जळतो. हमीच्या मुदतीत उत्पादकाने बदलून दिला तर परवाना टिकतो. पण जी यंत्रे शाळांना दानात मिळतात, त्यांची मुदत केव्हाच उलटलेली असते. आमच्या पाचांपैकी एकाचा बोर्ड असाच गेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वेगळ्या बनावटीचा जुना बोर्ड आणून बसवला. कॅबिनेट तेच, डिस्क तीच, मुलेही तीच. परवान्याच्या दृष्टीने मात्र तो नवा संगणक झाला, आणि ज्या कार्यप्रणालीचे मोल पहिल्या खरेदीच्या वेळी चुकते झाले होते, ती निराधार झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात माध्यमावर भरलेले सॉफ्टवेअर ही करपात्र वस्तू ठरवली आहे. विकताना वस्तू आणि हलवताना केवळ परवानगी, ही विसंगती ग्राहकाच्याच वाट्याला का यावी? जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी, आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी युज्डसॉफ्ट प्रकरणात, विकलेल्या प्रतीवर कायम ताबा सांगण्याच्या वृत्तीला आवर घातला. पहिल्या निकालाने यंत्रासोबतच विकायची प्रत वेगळी विकण्यास मज्जाव करण्याचा हक्क नाकारला. दुसऱ्याने जुना परवाना पुढे विकण्याची वाट मोकळी केली, मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निरुपयोगी केली पाहिजे, या अटीवर. ही अट मला फार न्याय्य वाटते. एक हक्क, एक वापर. मृत यंत्राचा परवाना जिवंत यंत्राला लावू द्यावा, एवढी सुधारणा आपल्याकडेही मागितली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत मात्र मला जे दिलेले नाही ते घेण्याचा अधिकार मिळत नाही. म्हणून मी माझे काम स्वतःच उलटवले. चांगल्या स्थितीतील चार यंत्रांत कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली विंडोज १० ची मूळ प्रत भरली. चिपमधील कळ तिने आपोआप ओळखली, एक रुपयाही लागला नाही. सात जुन्या यंत्रांवर विंडोज ७ चा हक्क होता, परंतु १४ जानेवारी २०२० रोजी तिचा आधार संपल्याने इंटरनेटला जोडलेल्या वर्गात ती भरणे मला शहाणपणाचे वाटले नाही. त्यांत आणि बोर्ड बदललेल्या आठव्या यंत्रात लिनक्स भरले. लिनक्स हे दानच आहे, आणि तेही अट उलटी असलेले दान: हवे तितक्या यंत्रांत भरा, पुढे वाटा, फक्त घेणाऱ्याचेही तेच स्वातंत्र्य अबाधित ठेवा.

यावर काही शिक्षकांनी घेतलेली हरकत मी हलकी मानत नाही. मुलांना पुढे एमएस-सीआयटी करायची असते, तारापूरच्या कारखान्यांच्या कार्यालयांत विंडोजच असते; मग आपण त्यांना वेगळेच का शिकवावे? गरिबांच्या मुलांवर प्रयोग का? त्यासाठीच चार यंत्रे विंडोजवर ठेवली आहेत आणि नववी-दहावीची मुले त्यांवर आळीपाळीने बसतात. उरलेल्यांवर टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, चित्रे, इंटरनेट हे सर्व चालते. केरळच्या सरकारी शाळांनी संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवरच उभे केले आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत. एक अडचण खरी आहे: जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली कार्यालयीन पत्रे लिनक्सवर उघडली की अक्षरांचा विस्कोट होतो. ती पत्रे अद्याप आम्ही विंडोजवरच उघडतो.

चार यंत्रांवरील विंडोज १० चाही नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, योगायोगाने धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेलाच, संपला. विंडोज ११ त्या यंत्रांना स्वीकारत नाही. यंत्रे धडधाकट असताना ती भंगारात काढावीत, हे मनाला पटत नाही. भिक्षापात्राला पाच सांधे लागण्याआधी नवे पात्र मागणाऱ्या भिक्षूला विनयाने दोष लावला आहे. आपल्याच जिल्ह्यातील सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे सापडले होते, हे येथे सहज आठवले. ही चार यंत्रे आता इंटरनेटपासून वेगळी करून केवळ सरावासाठी ठेवावीत, असे मी सुचवले आहे.

यंदा आणखी एका कारखान्याकडून जुने संगणक मिळण्याची शक्यता आहे. त्यांना पाठवायच्या विनंतीपत्राचा मसुदा मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. डिस्क काढून घेण्याऐवजी शक्य असल्यास त्यावरील माहिती पूर्ण पुसून द्यावी. यंत्रावरील पट्ट्या खरवडू नयेत. आणि कोणत्या यंत्रासोबत कोणती कार्यप्रणाली आली होती, याची यादी दानपत्राला जोडावी, अशी त्यात विनंती आहे. मसुद्याची प्रत कार्यालयात आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांचे कारखान्यांत वजन आहे, त्यांनी ती आपल्या येथेही द्यावी.