अनुदान युरोपचे, भाव वऱ्हाडचा

सरकारने शेतीला आधार दिला की बाजार बिघडतो, हा उपदेश भारतीय शेतकऱ्याला गेली तीन दशके ऐकवला जात आहे. ज्या पश्चिमेचा दाखला त्यासाठी दिला जातो, तेथील व्यवहार मात्र निराळा आहे.

1962 साली युरोपच्या सामायिक बाजारपेठेतील सहा राष्ट्रांनी समान कृषिधोरण स्वीकारले, तेव्हा त्याचा पाया हमीभावाचा होता. लोण्याचे अक्षरशः डोंगर साचले. ऐंशीच्या दशकात अंदाजपत्रकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शेतीवर खर्च होऊ लागला. 1992 साली भाव उतरविण्यात आले, परंतु त्याची भरपाई हेक्टरी रोख रकमेने केली गेली. शेतीचा वाटा आज एक-तृतीयांशाच्या आसपास आला आहे, हे खरे. पण 2021 ते 2027 या सात वर्षांची तरतूद 386 अब्ज युरोंची आहे. आधाराचे रूप पालटले, आधार गेला नाही.

कापसाच्या बाबतीत तर रूपही पुरते पालटलेले नाही. ग्रीस 1981 साली आत आला तो प्रवेशकरारात कापसाची वेगळी सोय करूनच. आजही तेथील उत्पादकाला कपाशी पेरल्याबद्दल हेक्टरी सातशे युरोंहून अधिक रक्कम मिळते. कापसाचा भाव वेगळा.

वलगावच्या कोरडवाहू काळ्या रानात पऱ्हाटी लावणाऱ्याच्या पाठीशी काय आहे? 1972 साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना पुढे गुंडाळली गेली. तिच्यात प्रतवारीची मनमानी होती, चुकाऱ्यांचा विलंब होता. तरी एक खात्रीचे गिऱ्हाईक होते. 2025-26 साठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 रुपये आधारभाव जाहीर झाला, आणि हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट 2025 मध्ये, केंद्राने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क उठवून ती सवलत पुढे वर्षअखेरपर्यंत लांबविली. किसान सन्मान निधीचे 6,000 रुपये आहेत. तेही कुटुंबामागे, वर्षाला.

तथापि युरोपची नक्कल मागणे घातक ठरेल. तेथील थेट अनुदानाचा सुमारे 80 टक्के भाग 20 टक्के लाभार्थ्यांच्या पदरात पडतो, कारण ते जमिनीच्या क्षेत्रफळावर मोजले जाते. वऱ्हाडात मक्त्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. म्हणूनच सन्मान निधीतही तो नाही. हेक्टरी अनुदान मिळालेच तर पैसा मालकाकडे जाईल आणि मक्ता चढेल. मागणी खरेदीची हवी: दिवाळीपूर्वी केंद्रे उघडणे, आलेला कापूस आधारभावाने घेणे, आणि मक्त्याने कसणाऱ्याचा माल त्याच्या स्वतःच्या नावे मोजून चुकारा त्याच्याच हाती देणे.