खांद्याचा जमाखर्च

दसरा-दिवाळी उलटली की हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांचे मांडव पडू लागतात. धावांचा हिशेब चोख ठेवला जातो; परंतु पंधरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाने दिवसभरात दोन-तीन सामन्यांत मिळून किती चेंडू टाकले, हे कोणी पाहत नाही.

अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हा प्रश्न पूर्वीच ऐरणीवर आला. 'लिटल लीग' या मुलांच्या संघटनेने २००७ पासून फेकींची मर्यादा घातली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ हून अधिक फेकी करू नयेत आणि ६६ वा अधिक झाल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी, असा तेथे दंडक आहे. स्नायू थकले की भार सांध्यांवर पडतो, आणि वाढत्या वयातील कोवळी हाडे तो फार काळ सोसू शकत नाहीत. चेंडू हलका आहे म्हणून ताण नाही, हा समज भ्रामक आहे. हात वेगाने फिरवण्याचाच ताण मोठा असतो.

जसप्रीत बुमराहने २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोट्या खेळाव्यात, हे आधीच ठरले होते. त्याच्यासाठी हिशेब ठेवणारे तज्ज्ञ आहेत. आपल्या मुलाने आदल्या दिवशी हळदीची पोती उचललेली असतात. ते कष्ट कोणत्या खात्यात मांडायचे?

अर्थशास्त्राच्या भाषेत, येथे लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा आहे. चषक संघाला मिळतो. उपचाराचा भुर्दंड बापाला पडतो. जागा जाईल या भीतीने मुलगा दुखणे सांगत नाही. म्हणूनच ही जबाबदारी त्याच्यावर न टाकता आयोजकांनी स्वीकारली पाहिजे.

उपाय खर्चाचा नाही. गुणलेखक प्रत्येक चेंडू लिहितोच. त्याच वहीत वय, दिवसभराचे एकूण चेंडू आणि मागील सामन्याची तारीख असे तीन रकाने वाढवावेत. सोळा वर्षांखालील मुलांसाठी मर्यादा स्पर्धेपूर्वीच जाहीर करावी आणि पंचाने ती पाळावयास लावावी.

'आमच्या वेळी असले लाड नव्हते,' असे म्हटले जाईल. ते खरेही आहे. परंतु हे सांगणारे टिकून राहिलेले खेळाडू असतात. ज्यांचे हात कायमचे गेले, त्यांना कोणी विचारीत नाही. आणि ज्याला याच हातांवर पुढे शेती वा मजुरी करावयाची आहे, त्याचे नुकसान केवळ खेळापुरते राहत नाही.